चालू घडामोडी: तुमचे तेच तेच प्रश्न आणि माझी लांबलचक उत्तरं

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ताई स्वतः कलेक्टर आहे का. नाहीये. सदाशिव पेठेत पाच वर्षं काढली, युपीएससीच्या दोन मेन्स दिल्या, दोन्हीत उडाले, मग राज्यसेवेतून एक पोस्ट मिळाली आणि आता एका तालुक्याच्या ठिकाणी टेबलावर फायलींचा ढीग घेऊन बसते. गावाकडची पोरंपोरी रात्री साडेदहाला फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. यापुढे फोन आला की ही लिंक पाठवणार, रागावू नका.

ताई, चालू घडामोडी म्हणजे नक्की काय वाचायचं? सगळंच महत्त्वाचं वाटतं.

मलाही वाटायचं. पहिल्या वर्षी मी संयुक्त लष्करी सरावांची यादी पाठ केली होती, कुठला सराव कोणत्या देशाबरोबर, कुठे झाला, कितवा होता. भिंतीवर चार्ट लावलेला, रूममेट वैतागली होती. प्रिलिममध्ये त्या चार्टनं मला एकही मार्क दिला नाही आणि मेन्समध्ये तर त्याचा प्रश्नच येत नाही.

नोकरीत आल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, शासन म्हणजे शेवटी कागद. बातमी कितीही मोठी असू दे, तिच्या मागे कुठेतरी एक कागद असतो, अधिनियम, निकाल, शासन निर्णय, ठराव, करार, काहीतरी. तो कागद शोधायचा आणि कमीत कमी दोन पानं तरी वाचायची. बाकी वन लायनर, टेलिग्रामच्या पीडीएफ, मासिकं वगैरे रिव्हिजनला ठीक आहेत पण त्यांच्यावर मेन्सचं उत्तर उभं राहत नाही. पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीची वेगवेगळी उदाहरणं आहेत, त्यामुळे घाई असेल तर इथेच थांबा आणि पेपर उघडा.

कागद कागद म्हणता, पण त्यात फरक काय असतो? सगळ्यालाच जीआर म्हणतात ना?

नाही हो. हा घोळ मुलाखतीपर्यंत जातो. विधिमंडळानं किंवा संसदेनं मंजूर केलेला आणि राज्यपाल किंवा राष्ट्रपतींची सही झालेला तो अधिनियम. सभागृह चालू नसताना तातडीनं काढतात तो अध्यादेश, केंद्रात कलम १२३, राज्यात कलम २१३. अधिसूचना राजपत्रात येते, कायदा कधीपासून लागू वगैरे तिथून कळतं. शासन निर्णय म्हणजे जीआर, तो कार्यकारी आदेश, कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. आणि परिपत्रक म्हणजे बऱ्याचदा नुसत्या सूचना, 'अशी कार्यवाही करावी' टाइप. टीव्हीवर 'सरकारनं कायदा केला' म्हणून सांगतात आणि आपण बघायला जावं तर परिपत्रक निघतं, हे दर महिन्याला होतं. उत्तरात बरोबर शब्द वापरला की तपासणाऱ्याला कळतं या मुलानं मूळ वाचलंय.

राज्यकारभारातला एक विषय पूर्ण करून दाखवा ना, नुसतं असं करा तसं करा नको.

बरं. माझ्या फजितीवरूनच सांगते. २०२३ मध्ये एका ठिकाणी मॉक इंटरव्ह्यूला गेले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्या गावच्या नगरपालिकेत सध्या नगराध्यक्ष कोण? मी म्हटलं मॅडम सध्या प्रशासक आहेत. का? मी म्हटलं, निवडणूक झाली नाही. का झाली नाही? मी गप्प. मग त्यांनी शांतपणे विचारलं, मग या वर्षीचं बजेट कोणी मंजूर केलं? मी ७४ वी घटनादुरुस्ती धडाधड सांगू शकत होते, बाराव्या परिशिष्टातले १८ विषय पाठ होते, पण माझ्या घरासमोरच्या रस्त्याचे पैसे कोणाच्या सहीनं निघतात ते मला सांगता आलं नाही. बाहेर येऊन टपरीवर दोन चहा प्यायले आणि त्या रात्री हा विषय मुळापासून काढला.

कलम २४३ यू म्हणतं की नगरपालिकेची मुदत ५ वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. तसंच पंचायतींसाठी २४३ ई. आता महाराष्ट्रात काय झालं, ओबीसींचं स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं राजकीय आरक्षण कोर्टात अडकलं. सुप्रीम कोर्टानं २०१० च्या के. कृष्णमूर्ती निकालात सांगितलेलंच होतं की राजकीय मागासलेपण आणि शैक्षणिक-सामाजिक मागासलेपण ही एकच गोष्ट नाही. मग ४ मार्च २०२१ ला विकास गवळी खटल्यात ट्रिपल टेस्ट आली: एक, स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करा, दोन, प्रत्येक संस्थेनुसार आरक्षणाचं प्रमाण ठरवा, तीन, एससी एसटी ओबीसी मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ नका. राज्यानं बांठिया आयोग नेमला, जुलै २०२२ मध्ये अहवाल आला, त्यात प्रभागरचनेचे वाद मिसळले आणि सगळं लांबत गेलं. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि तिथे तेव्हापासून आयुक्तच प्रशासक. म्हणजे सभागृहाचं काम आणि प्रशासनाचं काम एकाच माणसाकडे, प्रस्ताव मांडणारा पण तोच आणि मंजूर करणारा पण तोच. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ते चार महिने पण पुढे वाढले, आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा नगरपंचायती आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं.

आता बघा या एका विषयात काय काय आलं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, राज्य निवडणूक आयोग, आरक्षणाची मर्यादा, न्यायालय आणि कार्यकारी मंडळ, महाराष्ट्रात २०११ पासून असलेलं महिलांचं ५० टक्के आरक्षण (जवळपास चार वर्षं त्या अर्ध्या जागांवर कोणीच नव्हतं, हा मुद्दा मी कोणाच्याच उत्तरात पाहिला नाही, फुकट देतेय, वापरा). जीएस २ चे (सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर) चार प्रश्न यातून सुटतात. आणि सगळं तुमच्या गल्लीतलं.

मराठा आरक्षणावर मुलाखतीत विचारलं तर काय बोलायचं? बाजू घ्यायची का?

बाजू नंतर, आधी क्रम. हा क्रम चुकला की तुम्ही कितीही संतुलित बोला, समोरचा ऐकत नाही. १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, ५० टक्क्यांची मर्यादा, अपवाद फक्त असाधारण परिस्थितीत. २०१८ मध्ये गायकवाड आयोगाच्या अहवालावरून राज्यानं १६ टक्के दिलं. जून २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं कायदा टिकवला पण प्रमाण कमी केलं, शिक्षणात १२ आणि नोकरीत १३. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, आणि त्याच निकालात १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ असा लावला की मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्याकडे राहिलेला नाही. म्हणून मग त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती आली आणि तो अधिकार राज्यांना परत मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शुक्रे आयोगाच्या अहवालावरून नवा कायदा, १० टक्के. आणि २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटवरचा (निजामाच्या काळातल्या जुन्या नोंदी) शासन निर्णय, आझाद मैदानावरच्या मनोज जरांगे यांच्या उपोषणानंतरचा. हा शेवटचा कायदा नाहीये, जीआर आहे, कुणबी दाखला द्यायच्या कार्यपद्धतीबद्दल आहे, आणि ओबीसी संघटनांचा विरोध नेमका त्यावर आहे. वर सांगितलं होतं ना कागदांमधला फरक, तो इथे लागतो.

राज्यातलं आधीचं आरक्षण ५२ टक्के (एससी १३, एसटी ७, ओबीसी १९, विजाभज म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमाती ११, एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्ग २), त्यावर एसईबीसी म्हणजे हे मराठ्यांचं १० आणि ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बलांचं १०, म्हणजे ७२. ईडब्ल्यूएस १०३ व्या दुरुस्तीनं आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ३ विरुद्ध २ नं टिकवलं. १ ऑगस्ट २०२४ चा एससी उपवर्गीकरणाचा निकालपण जोडून वाचा, सात न्यायमूर्ती, ६ विरुद्ध १.

बाजूचं म्हणाल तर, मला विचारलं होतं तेव्हा मी मराठवाड्यातली शेतीची अवस्था आणि जमिनीचे तुकडे यावर बोलले आणि मग म्हटलं की आरक्षण हे त्याचं पूर्ण उत्तर नाही पण मागणी का येते ते समजतं. पॅनेलनं मान हलवली, मार्क बरे आले, त्याच वाक्यामुळे आले का ते देव जाणे. तुमच्या घरातलं मत तुमच्याकडे असणारच, आपण सगळे कुठल्यातरी जातीत जन्मलोय, फक्त समोर बसल्यावर आवाज चढू देऊ नका.

नवीन फौजदारी कायद्यांची सगळी कलमं पाठ करायची का?

नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम हे तीन लागू, हे माहीत पाहिजे. आयपीसीची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८. खून ३०२ चा १०३ झाला आणि ४२० चा ३१८, त्यामुळे आता कोणाला 'तीनशे अठरा' म्हटलं तर तो खूश होऊन थँक्यू म्हणेल. समाजसेवेची शिक्षा, झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस स्टेशनात नोंदवता येते), ठरावीक गुन्ह्यांत फॉरेन्सिक तपास सक्तीचा, एवढं घ्या. बाकी पोलीस स्टेशनच्या लोकांना जी अडचण येते ती (साधनं, लॅब, ट्रेनिंग) उत्तरात टाका.

राज्यपाल, एक देश एक निवडणूक, महिला आरक्षण, जनगणना, हे सगळं एकत्र डोक्यात राहत नाही.

कारण तुम्ही ते वेगवेगळं वाचताय. शेवटचे तीन एकाच दोऱ्यात ओवलेत. १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ ची, लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा, पण लागू कधी, तर त्यानंतरच्या जनगणनेवरून मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. जनगणना २०२१ ला व्हायची ती झालीच नाही. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, लडाख, हिमाचलसारख्या बर्फाळ भागात १ ऑक्टोबर २०२६. जातगणना पण त्यातच होणार, तो निर्णय ३० एप्रिल २०२५ चा. आणि पुनर्रचना झाली की लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागांचा वाद, तमिळनाडू केरळ का चिडलेत ते तिथे येतं. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) एनएफएचएस ५ म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७, देशाचा २.०, म्हणजे आपणही या वादात दक्षिणेच्याच बाजूला जास्त आहोत, हे लक्षात येत नाही पटकन. एकत्र निवडणुकांचं १२९ वं दुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला मांडलं आणि संयुक्त समितीकडे गेलं.

राज्यपालांचं वेगळं आहे. कलम २००, विधेयकाला राज्यपालांनी संमती द्यायचं. ८ एप्रिल २०२५ ला तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी विधेयकांवर निर्णयासाठी मुदती घालून दिल्या, मग राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सल्ला मागितला आणि २० नोव्हेंबर २०२५ ला घटनापीठानं सांगितलं की कोर्टाला अशा ठरावीक मुदती घालता येणार नाहीत, पण विधेयक अनंत काळ दाबून पण ठेवता येणार नाही. आपल्याकडचं उदाहरण जोडायचं तर विधान परिषदेच्या १२ राज्यपालनियुक्त जागांची यादी, नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेली, कलम १७१, वर्षानुवर्षं रखडली. कलम वेगळं आहे, दुखणं तेच.

संरक्षणात काय काय करायचं? मला क्षेपणास्त्रांचे पल्ले लक्षातच राहत नाहीत.

नका ठेवू. मला आजही विचाराल तर सांगता येणार नाहीत. पल्ले ठेवण्यापेक्षा निर्णय कोण घेतं ते ठेवा.

ऑपरेशन सिंदूर घ्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम, २६ लोक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी कॅबिनेटच्या सुरक्षा समितीची बैठक, अध्यक्ष पंतप्रधान, सोबत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र मंत्री. तिथे सिंधू जल करार स्थगित ठेवायचं ठरलं. ६-७ मेच्या रात्री नऊ ठिकाणी हल्ले, १० मेला गोळीबार थांबवायचं ठरलं. आमच्या ओळखीच्या एका अभ्यासिकेत सगळी पोरं कुठलं ड्रोन कुठल्या देशाचं यावर भांडत होती आणि करार कोणी उघडला नव्हता. करार १९६० चा, कराचीत सही झाली, जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं. पूर्वेकडच्या तीन नद्या रावी बियास सतलज आपल्याला, सिंधू झेलम चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. आणि गंमत म्हणजे करारात एकतर्फी बाहेर पडायची तरतूद नाही, दोघांनी मिळून नवा करार करेपर्यंत तो चालू राहतो असं शेवटी लिहिलंय, 'स्थगित' हा शब्द करारातला नाहीच. म्हणजे भारताची भूमिका आंतरराष्ट्रीय कायद्यात कशी बसते हा खरा मेन्सचा प्रश्न.

दुसरं, संयुक्त कमांड. सध्या लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७, नौदलाच्या ३, अशा १७ वेगवेगळ्या कमांड आहेत, तिन्ही दलांच्या एकत्र म्हणजे अंदमान-निकोबार आणि स्ट्रॅटेजिक फोर्सेस. कारगिलनंतरच्या सुब्रह्मण्यम समितीपासून तिन्ही दलांनी एकत्र काम करावं ही चर्चा चालू, सीडीएस म्हणजे संरक्षण दल प्रमुख हे पद १ जानेवारी २०२० पासून प्रत्यक्षात. आता एक कंटाळवाणा कायदा सांगते जो कोणीच वाचत नाही. इंटर सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन्स कायदा २०२३, मे २०२४ पासून लागू. आधी काय व्हायचं, एकत्र कार्यालयात हवाई दलाच्या जवानानं काही चूक केली तर तिथल्या नौदलाच्या प्रमुखाला त्याच्यावर कारवाई करता यायची नाही, त्याला त्याच्या दलाकडे परत पाठवायचं, कारण तिघांचे कायदे वेगळे, १९५० चा आर्मी आणि एअर फोर्स, १९५७ चा नेव्ही. नव्या कायद्यानं तो अधिकार प्रमुखाला मिळाला. दोन पानांचा विषय आहे, आणि थिएटर कमांड (एका भागातल्या तिन्ही दलांवर एकच प्रमुख) नुसती नकाशावर रेघा मारून होत नाहीत हे यातून कळतं.

महाराष्ट्राशी संबंधित संरक्षणाच्या गोष्टी आहेत का? राज्यसेवेसाठी.

भरपूर, आणि मुलं दिल्लीच्या नोट्स पाठ करत बसतात. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी आयएनएस सुरत, निलगिरी, वाघशीर नौदलात दाखल, तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. वाघशीर ही कलवरी वर्गातली सहावी पाणबुडी. त्याच वर्गातली दुसरी खांदेरी, २०१९ ची. आता खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या समुद्रातला महाराजांचा किल्ला, जो ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे (११ आपले, एक तमिळनाडूतला जिंजी). एका शब्दात नौदल, इतिहास आणि वारसा. मला ही गोष्ट सुचली तेव्हा रात्री एक वाजता रूममेटला उठवून सांगितली होती. ती म्हणाली झोप.

अजून, नाशिकच्या एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखाना) बनलेल्या पहिल्या तेजस मार्क १ ए चं उड्डाण १७ ऑक्टोबर २०२५. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून १ ऑक्टोबर २०२१ पासून ७ कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात. आणि खडकवासला. सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुली आल्या आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ जणी पास आउट झाल्या. आपण सिंहगडावर पिठलं भाकरी खायला जातो त्या रस्त्यावरून ती हद्द दिसते.

अग्निपथवर टीका केली तर मार्क जातात का?

टीका केली म्हणून जात नाहीत, आकडे न देता केली तर जातात. योजना १४ जून २०२२ ची. जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते २१. चार वर्षं. पगार महिना ३० हजारांपासून चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातले ३० टक्के निधीत जातात आणि तेवढेच सरकार घालतं, शेवटी व्याजासकट साधारण ११.७१ लाख हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. २५ टक्क्यांपर्यंत लोक कायम. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटी पूर्ण व्हायला लागतील, म्हणजे खरी परीक्षा आता सुरू होतेय. सरकारचं म्हणणं दलाचं सरासरी वय कमी होईल, पेन्शनचा बोजा घटेल. समोरची बाजू, चार वर्षांत युनिटशी नातं कितपत जुळतं, आणि परत आलेल्या ७५ टक्क्यांचं काय.

इथे मी सातारा जिल्ह्याचं उदाहरण देते, अपशिंगे गाव, ज्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. अशा गावात फौजेची पेन्शन म्हणजे नुसता पैसा नसतो, त्यावर बँक कर्ज देते, लग्नं ठरतात, निवृत्त सुभेदाराला ग्रामसभेत वेगळा मान असतो. पेन्शन गेली की हे सगळं कसं बदलेल. हा समाजाचा प्रश्न झाला, संरक्षणाचा राहिला नाही, आणि असा पूल बांधता आला की उत्तर इतरांपेक्षा वेगळं दिसतं.

नक्षलवाद आता संपला म्हणून सोडून द्यायचा का?

उलट आत्ता विचारतील. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती यानं ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. केंद्रानं ३१ मार्च २०२६ ची मुदत जाहीर केली होती. गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० पासूनचं. पण नुसती पोलिसांची बाजू लिहू नका. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं, २०११ मध्ये ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाने मिळाले. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम मात्र २०१४ चे, मधली १८ वर्षं कुठे गेली ते विचारा. सोबत जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेलं राज्याचं नक्षलविरोधी जनसुरक्षा विधेयक आणि त्यातल्या व्याख्या फार मोघम आहेत हा आक्षेप, दोन्ही घ्या.

समाज हा विषय फार मोघम वाटतो, नोट्स कशा काढायच्या?

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. प्रत्येक विषयाला एकच पान, डाव्या समासात तारीख, खाली कागद, मग कोणाचा आक्षेप, मग घरचं उदाहरण.

हेरवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. ४ मे २०२२, ग्रामसभेचा ठराव, विधवा प्रथा बंद. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे करायचं नाही. १७ मे २०२२, ग्रामविकास विभागाचं परिपत्रक, इतर ग्रामपंचायतींनी पण असं करावं. कागद: ठराव आणि परिपत्रक, कायदा नाही, म्हणून शिक्षा नाही. जोडून: १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा, १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी केलेलं लग्न, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा. आक्षेप: ठराव कागदावरच राहतात, घरातल्या बायकाच प्रथा चालवतात.

आणि शेवटी पेन्सिलनं: 'माई आजी, हळदीकुंकवाला मागच्या खोलीत.' आमची आजी. संक्रांतीला घर बायकांनी भरलेलं असायचं आणि ती मागे भाजी निवडत बसायची, कोणी तिला बस म्हणायचं नाही आणि ये पण म्हणायचं नाही. निबंधाच्या पेपरमध्ये मी ते तीन ओळींत लिहिलं होतं. नोट्सच्या पीडीएफमध्ये ते नसतं.

लाडकी बहीण कशात लिहायची?

राज्यकारभार, अर्थकारण, समाज, तिन्हीत. २०२४ पासून, २१ ते ६५ वय, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १५०० रुपये थेट खात्यात. शासन निर्णय वाचा, पात्रतेच्या अटी तिथे आहेत आणि सगळा वाद अटी तपासण्यावरच आहे. राज्याच्या तिजोरीवरचा भार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २०२४ चा वेळवापराचा राष्ट्रीय सर्वे, घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. 'रेवडी' हा शब्द उत्तरात वापरू नका, तो राजकारण्यांचा आहे.

राज्यसेवा आता डिस्क्रिप्टिव्ह झाली, तर युपीएससीचंच मटेरियल चालेल ना?

२०२५ पासून मेन्स लेखी, ९ पेपर, १७५० मार्क, मुलाखत २७५, साचा जवळपास सारखा. पण मटेरियल आंधळेपणानं उचलू नका, महाराष्ट्राची उदाहरणं पाहिजेतच. ऑब्जेक्टिव्हची सवय असलेल्यांना हाताला लिहायची सवय नाही, दहा मार्कांच्या उत्तराला पंधरा मिनिटं घेतात आणि शेवटचे पाच प्रश्न कोरे. रोज एक उत्तर, घड्याळ लावून, बास.

एआयकडून नोट्स काढून घेतल्या तर?

भाषा सोपी करून घ्यायला ठीक. कलम, तारीख, निकालाचं नाव यासाठी विश्वास ठेवू नका, इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं सांगतं की आपल्यालाच आपली शंका येते. हे कागद पीआयबीवर (केंद्र सरकारचं प्रसिद्धी कार्यालय), राज्याच्या शासन निर्णयांच्या साइटवर, सुप्रीम कोर्टाच्या साइटवर फुकट आहेत. पीआयबी मराठीत पण येतं, फक्त त्या मराठीला सवय व्हायला आठवडा लागतो.

किती महिन्यांचं करायचं?

प्रिलिमच्या आधीचं वर्ष सव्वा वर्ष. मेन्सला महिन्यांचा हिशोब नसतो, विषय जिथून सुरू झाला तिथून.

माझे दोन महिन्यांचे पेपर वाचायचे राहिलेत, बॅकलॉग कसा भरू?

भरू नका. मीही गठ्ठा सांभाळला होता, कॉटखाली, अमुक रविवारी सगळं वाचून काढू म्हणून. तो रविवार काही आला नाही. वर दिलेत तसे पंधरा-वीस विषय निवडा, त्यांचे कागद शोधा आणि आजच्या पेपरपासून पुढे चला. माझा गठ्ठा प्रिलिमच्या महिनाभर आधी रद्दीवाल्याला दिला, घडी न मोडलेले पेपर बघून तो म्हणाला मॅडम हे तर नवीनच आहेत. आलेल्या पैशात आम्ही तिघींनी मिसळ खाल्ली, एक्स्ट्रा पाव घेऊन.